नर्मदेच्या उत्तरेचा महिना

१९ मार्च २०२६, गुरुवार. चैत्र शुद्ध प्रतिपदा, पाडवा.

शामलाने ही वही हातात ठेवली आणि म्हणाली, "रिकामे झाल्यावर माझं डोकं खाण्यापेक्षा ह्यात लिहा." चाळीस वर्षांच्या संसारानंतर बायको असंच बोलते. रिकामा मी अजून झालेलो नाही. होणार आहे, आणि ते माझ्या मर्जीने, एवढं पहिल्याच पानावर नोंदवून ठेवतो.

मी राघव खळदकर. टेलिफोन खात्यातून निवृत्त, मुक्काम शिंदे की छावनी, ग्वाल्हेर. 'उदयास्त' हा पंचांगाचा प्रोग्राम मी २००७च्या पाडव्याला सुरू केला. गाव आणि तारीख सांगितली की तो सूर्योदय, तिथी, नक्षत्र, सणवार सगळं सांगतो. फुकट. त्याचा कोडही जगाला उघडा आहे. कोणीही वाचावा, सुधारून पाठवावा. सुधारणा आत घ्यायची की नाही हे मात्र आजवर मी ठरवत आलो. दहाबारा गावांची मंडळी मदत करतात, पण किल्ली माझ्याकडे.

दर एकोणीस वर्षांनी तिथी आणि तारखा जवळजवळ पुन्हा जुळून येतात. म्हणजे माझं चक्र पूर्ण झालं. १७ मेपासून अधिक ज्येष्ठ लागतो. अधिक महिना हा पंचांगवाल्यांचा खरा पेपर. तो बिनचूक लागला की त्याच दिवशी किल्ली सोडायची, असं ठरवलंय. एकोणीस वर्षांत उदयास्तची एकही तिथी चुकलेली नाही. हे लिहिताना छाती फुगते, ती फुगू दे. वही माझी आहे.

२२ मार्च, रविवार. चैत्र शुद्ध चतुर्थी.

सोडतोय असं पत्र मंडळींना टाकलं. उत्तरं येताहेत. मी ती मोजत नाही. शामलाने विचारलं किती आली, तेव्हा तोंडातून एक्केचाळीस निघून गेलं, ते सहज.

सगळे म्हणतात फार वाईट वाटलं. किल्ली घेतो असं एकही म्हणत नाही. संध्याकाळी मात्र रुचिका आली. माझा दोस्त सूर्याजी इंगळे, त्याची ही धाकटी. पुण्याच्या कंपनीत नोकरी आणि काम घरी बसून, आईजवळ. सूर्याजी गेल्यापासून शांताताई एकट्या पडल्या म्हणून मुलगी परत आली. मोठा समरजीत नोएडाला असतो.

"काका, मी घेऊ का उदयास्त?"

"तुला पंचांगातलं काय कळतं?"

"काहीच नाही. तुम्ही सिखवा ना."

मी हो म्हटलं. माझ्यापुढे दुसरं कोणी उभंही नव्हतं.

२९ मार्च, रविवार. चैत्र शुद्ध एकादशी.

रुचिकाला आज उदयास्तची कुळकथा सांगितली. तिच्या बापाशिवाय ती सांगताच येत नाही.

सूर्याजीचं इथल्या पडाव भागात ट्रान्सपोर्टचं ऑफिस होतं. कॉम्प्युटर म्हटलं की तो दोन पावलं मागे सरायचा. पण मी सूर्योदयाचं गणित बसवत होतो तेव्हा त्याने विचारलं, "हे बरोबर आहे हे तुला सांगणार कोण?" आणि उत्तरही त्यानेच दिलं. त्याचे ट्रक देशभर फिरत. त्याने ड्रायव्हरांना हुकूम सोडला, जिथे असाल तिथून सूर्य वर आला की फोन करा. पहाटे आम्ही दोघं त्याच्या गच्चीवर घड्याळ आणि वही घेऊन बसायचो आणि फोन यायचे. नागपूर, कोटा, रायपूर, एकदा तर थेट कोची. "साहब, निकल आया. लिख लो. अब चाय पी लूँ?" डोंगराआड असेल तर तसं सांगायचे, धुकं असेल तर माफी मागायचे. दोन वर्षं हे चाललं. उदयास्तच्या श्रेयनामावलीत पहिलं नाव सूर्याजीचं आहे आणि त्याखाली तेवीस ड्रायव्हरांची. बाहेरदेशी एका संमेलनात कोणीतरी विचारलं होतं, हे तेवीस लोक कुठल्या विद्यापीठाचे? मी कळवलं, पडावचे.

रुचिकाने सगळं ऐकलं. ही गोष्ट तिने लहानपणापासून शंभरदा ऐकली असेल. मग म्हणाली, "काका, तुम्ही गच्चीवर किती दिवसांत आला नाहीत."

आता घड्याळं आपोआप जुळतात, गच्चीवर जाऊन काय करायचं, असं मी म्हटलं.

२ एप्रिल, गुरुवार. हनुमान जयंती.

पोरगी हुशार आहे, पण प्रश्न फार बाळबोध विचारते.

आज महिन्यांचा नियम शिकवला. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, इकडे उत्तरेत पौर्णिमेला. त्यामुळे शुद्ध पक्षात दोघांच्या महिन्याचं नाव एकच, आणि वद्य पक्षात उत्तरवाले एक महिना पुढे. इथल्या गोरखी शाळेत होतो तेव्हा आमच्या घरी श्रावण लागायच्या आत वर्गातल्या पोरांचे दोन सोमवार होऊन गेलेले असायचे. आज डबा नाही, उपास आहे, असं ते सांगायचे, आणि मी पोळीभाजी खात बसायचो. आम्हां दोघांचंही बरोबर, हे मला आठव्या वर्षी कळलं होतं. मोठमोठ्या कंपन्यांच्या पंचांगांना ते अजून कळलेलं नाही.

उदयास्त हे गावावरून ओळखतो. गाव नर्मदेच्या दक्षिणेला असेल तर अमावास्येचा महिना, उत्तरेला असेल तर पौर्णिमेचा, गुजरात वेगळा. आणखी पाचसात अपवाद आहेत. कोणाला काही विचारायचं नाही. हे माझं तत्त्व आहे. माणसाने गाव सांगितलं की बाकीचं आपण ओळखायचं. पंगतीत बसलेल्याला तुम्ही जेवणार का असं विचारणारा यजमान मला चालत नाही.

रुचिका म्हणाली, "आणि जो इकडेच राहतो, पण मराठी आहे?"

"तो सेटिंगमध्ये जाऊन बदलेल. मी नाही का बदललं?"

"आई सेटिंगमध्ये जात नाही, काका."

"मग तू लावून दे. मुलगी कशाला असते?"

ती पाणी प्यायला उठून आत गेली ती बराच वेळ आलीच नाही. हल्लीच्या मुलांचं लक्ष टिकत नाही.

१२ एप्रिल, रविवार. चैत्र वद्य दशमी.

रुचिकाने पहिली सुधारणा पाठवली. प्रोग्राम पहिल्यांदा उघडला की एक प्रश्न विचारायचा: तुमच्या घरी महिना अमावास्येला संपतो की पौर्णिमेला?

मी परत पाठवली. खाली शेरा लिहिला, "गरज नाही. तत्त्वाविरुद्ध."

तासाभरात ती दारात हजर. "काका, एक बार सोचून बघा ना."

"एकोणीस वर्षं सोचूनच बसलोय."

"बरं. गुस्सा नका करू."

राग कुठे होता? मी फक्त आवाज चढवला होता. शामला स्वयंपाकघरातून म्हणाली, "मुलगी तुमच्याकडून काहीतरी काढून घ्यायला आलेली नाही, द्यायला आलीय." तिला कोडमधलं ओ की ठो कळत नाही.

१९ एप्रिल, रविवार. अक्षय्य तृतीया.

दरवर्षी ह्या सुमाराला ओळखीच्या घरांना त्यांच्या तिथ्या काढून देतो. कोणाचं श्राद्ध, कोणाचा तिथीने वाढदिवस. आज शांताताईंकडे गेलो आणि सांगितलं, "ह्या वर्षी अधिक ज्येष्ठ आहे. सूर्याजीचं श्राद्ध अधिकात करायचं नाही, निज ज्येष्ठात करायचं. ज्येष्ठ वद्य त्रयोदशी, १२ जुलै, रविवार. समरजीतला सुट्टीही सोयीची."

सूर्याजी २८ मे २०२२ला नोएडात मुलाकडे राहायला असताना गेला. मला तेव्हा टायफॉइड, अंथरुणातून उठता येत नव्हतं. त्याला पोचवायला जाता आलं नाही. म्हणून पुढच्या वर्षी मी एकच काम मागून घेतलं, त्याची तिथी मी सांगणार. शांताताईंच्या नव्या फोनमध्ये माझ्या हाताने उदयास्त घातलं, तारीख टाकली, तिथी काढून दिली. आमचे पुरोहित नानागुरुजी माझ्या यंत्राशी दहा वर्षं भांडले होते. ते म्हणाले, "राघवने काढलीय ना, मग मी पंचांग उघडत नाही." माझ्या आयुष्यातला हा सर्वांत मोठा मान.

शांताताई म्हणाल्या, "बारा जुलै का? बरं." आणि रुचिकाकडे बघितलं. रुचिका खिडकीबाहेर बघत होती. मग शांताताईंनी आमरसाची वाटी पुढे केली आणि विषय बदलला. बाईंना अजून त्याचं नाव निघालं की त्रास होतो, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

२६ एप्रिल, रविवार. वैशाख शुद्ध दशमी.

रुचिका तयार होत आलीय असं मंडळींना कळवलं. गणित पक्कं आहे. सूर्योदयाचा भाग तर तिने माझ्यापेक्षा सुटसुटीत लिहिला. हे तिला सांगितलेलं नाही, इथे लिहितोय.

एक गोष्ट खटकली. १४ मेला दुपारी निरोपाची छोटी बैठक शांताताईंच्या घरी ठेवूया असं मी सुचवलं. दोघींनी एकदम नको म्हटलं. शांताताई म्हणाल्या, "त्या दिवशी आम्ही नसू, राघवभाऊ." कुठे जाणार, ते सांगेनात. माझं त्या घरात इतक्या वर्षांचं येणंजाणं, आणि आता मला कुठे जाणार तेही सांगत नाहीत. असो. जाणाऱ्या माणसाची सवय लोक आधीच मोडायला लागतात.

५ मे, मंगळवार. वैशाख वद्य चतुर्थी, अंगारकी.

शामलाने नवा फोन घेतला. तिला म्हटलं, तूच घाल उदयास्त, मी हात लावणार नाही. सोडण्याआधी साध्या माणसासारखं एकदा बघावं म्हणून. तिने गाव लिहिलं, ग्वाल्हेर. मी खुर्चीत मागे टेकून हाताची घडी घालून बसलो.

"चंद्रोदय सांगितला," ती म्हणाली. "पण हे काय? ज्येष्ठ वद्य चतुर्थी? माझ्या भिंतीवर वैशाख चाललाय. वडाची पूजा उरकून घेऊ का लगेच?"

"सेटिंग बदल."

"कसली सेटिंग?"

"वर उजवीकडे, तीन रेघा, मग परंपरा, मग महिना..."

"अहो, मी तुमची बायको. मला माहीत नाही, तर बाकीच्यांना कोण सांगणार?"

मी तोंड उघडलं, आणि मग मला शांताताईंचा फोन आठवला.

त्यात सेटिंग बदललं होतं का? आठवत नाही असं लिहिणार होतो. खोटं लिहिणार नाही. बदललं नव्हतं. गाव घातलं, तारीख घातली, उत्तर आलं, आणि मी मोठ्या आवाजात वाचून दाखवलं.

शामलाच्या फोनवर २८ मे २०२२ काढलं. ज्येष्ठ वद्य त्रयोदशी. माझ्या मशीनवर काढलं. वैशाख वद्य त्रयोदशी.

फोनने दिलेलं उत्तरेचं नाव घेऊन मी दरवर्षीची तारीख माझ्या मशीनवर काढत आलो, महिनाभर पुढची. माणूस वैशाखात गेला. तीन वर्षं आम्ही त्याला ज्येष्ठात जेवायला घातलं.

७ मे

दोन दिवस घराबाहेर पडलो नाही. आज वर तिथी लिहायचा धीर झाला नाही.

नियम २००८मधला आहे. तेव्हा माझ्यासमोर नकाशा होता आणि मी नर्मदेवर पट्टी ठेवून रेघ मारली. मराठी भाषा प्रोग्राममध्ये नंतर आली. नियम तसाच राहिला. नर्मदेच्या उत्तरेला मराठी माणूस राहतच नाही असं मी धरून चाललो. ते मी ज्या खोलीत लिहिलं ती शिंदे की छावनीत आहे. आमचे पूर्वज इथे येऊन अडीचशे वर्षं होत आली. चूक शोधायला मला खिडकीतून बाहेरसुद्धा बघावं लागलं नसतं. स्वतःच्या मशीनवर मी पहिल्याच दिवशी बदल करून घेतला आणि विसरलो.

दुसऱ्या कोणी अशी चूक केली असती तर मी त्याला काय काय म्हटलं असतं, ते मला चांगलं माहीत आहे.

खरी त्रयोदशी १४ मेला येते. आठवडा राहिलाय. कोणाला काही न सांगता आत एक ओळ बदलली तर कोणाच्या लक्षातही येणार नाही. हे माझ्या मनात येऊन गेलं, ते लिहून ठेवतो.

८ मे, शुक्रवार. वैशाख वद्य षष्ठी.

सकाळी शांताताईंकडे गेलो. चहा आधी नको म्हटलं. उभ्यानेच सांगितलं. सूर्याजीची तिथी मी चुकवली. तीन वर्षं. येत्या गुरुवारी आहे. नानांना आत्ताच्या आत्ता सांगतो, समरजीतला मी फोन करतो, तिकिटाचं बघतो.

त्या म्हणाल्या, "बसा आधी."

मी बसलो नाही.

"नानांना रुचिकाने अक्षय्य तृतीयेलाच सांगून ठेवलंय. समरजीत तेराला पोचतोय."

मग बसलो.

रुचिकाने तो नियम २ एप्रिललाच वाचला होता. आपल्या आईचा फोन तिने त्याच संध्याकाळी उघडून बघितला. दोघींनी ठरवलं की चौदाला गपचूप श्राद्ध उरकायचं, मला कळू द्यायचं नाही. मी सतराला मानाने जायचं, आणि मग अठराला ती नियम बदलणार. तिथी मी सांगायला आलो तेव्हा दोघी त्या बारा जुलैला मान डोलवत बसल्या.

मी भडकलो. होय, चूक माझी आणि भडकलोही मीच. "म्हणजे माझ्यावर दया चालली होती? सगळ्या जगाला मी एकही तिथी चुकली नाही म्हणून सांगत सुटलोय, आणि तुम्ही दोघी..."

रुचिका रडायलाच लागली. "मी दस बार सांगायला आले, काका. हिंमतच नाही झाली. मला वाटलं तुम्हाला इतकी शरम वाटेल की तुम्ही येणं सोडून द्याल."

"मी सोडूनच चाललोय."

"प्रोजेक्ट नाही हो. आमचं घर. बाबा गेल्यापासून गच्चीवर तर येतच नाही तुम्ही."

शांताताईंनी तेवढ्यात चहा आणून ठेवलाच. म्हणाल्या, "तीन वर्षं महिनाभर उशिरा जेवले एवढंच ना, राघवभाऊ? ट्रान्सपोर्टवाले होते. माल वेळेवर पोचला तर त्यांनाच शक यायचा."

मी हसलो. हसता हसता रडलो. चौसष्टाव्या वर्षी दोन बायकांसमोर रडलो, आणि त्याची लाज वाटली नाही.

परत येताना नानांच्या घरी थांबलो. नाना ऐंशीचे आहेत, खाटेवर पंचांग उघडं होतं. म्हणाले, "चूक माझीही आहे. मी ह्याला उघडायला हवं होतं." मी म्हटलं, नाही नाना, तुम्ही माझा मान ठेवलात. ते म्हणाले, "तेच तर चुकलं."

१० मे, रविवार. वैशाख वद्य अष्टमी.

आज मंडळींना दुसरं पत्र लिहिलं. रुचिकाचं म्हणणं होतं, "काही प्रदेशांत महिन्याचं नाव वेगळं दिसू शकत होतं," असं सौम्य लिहावं. कंपनीत असंच लिहितात म्हणे. मी म्हटलं, मी कंपनी नाही. जे पाठवलं ते असं:

"उदयास्तची एकही तिथी चुकलेली नाही असं मी एकोणीस वर्षं सांगत आलो. ते खरं नाही. नर्मदेच्या उत्तरेला मराठी माणूस राहत नाही असं धरून मी २००८मध्ये एक नियम लिहिला. मी स्वतः तिथे राहतो. तिथल्या मराठी घरांना वद्य पक्षात महिना चुकीचा दिसत होता. माझ्या जिवलग मित्राचं श्राद्ध त्यामुळे तीन वर्षं चुकीच्या महिन्यात झालं. ज्यांनी ह्यावर विसंबून तिथ्या काढल्या त्यांनी त्या पुन्हा तपासाव्यात. कोणाला मदत लागली तर मला फोन करावा, नंबर खाली आहे. चूक माझी एकट्याची. ती सापडली रुचिका इंगळे हिला, तिने सुचवलेला उपाय मी १२ एप्रिलला परत पाठवला होता, तीही चूक माझीच."

शामलाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हे चांगलं लिहिलंत." चाळीस वर्षांत तिने माझं लिहिलेलं काही चांगलं म्हटल्याचं आठवत नाही.

११ मे, सोमवार. वैशाख वद्य नवमी.

फोन खाली ठेवायला उसंत नाही. देवास, धार, झाशी, बनारस, इंदूर. सगळे नर्मदेच्या उत्तरेचे. मी ज्यांना नकाशावरून पुसून टाकलं होतं, ते एकेक करून बोलताहेत. शिव्या एकानेही दिल्या नाहीत. झाशीहून सुमनताई नावाच्या बाई बोलल्या. "आम्हाला वाटायचं आमच्याच सासूबाईंनी चुकीची तिथी धरून ठेवलीय. वीस मिनिटं झाली, त्यांच्या फोटोपुढे कान पकडून उभी होते." दुपारपर्यंत सतरा घरांच्या तिथ्या मी हाताने काढून दिल्या. रुचिका शेजारी बसून पडताळत होती. एकदा मी चुकलो, तिने न बोलता बोट ठेवलं, मी न बोलता खोडलं.

मग प्रोग्रामने पहिल्यांदा विचारायच्या त्या प्रश्नाच्या शब्दांवरून आमचं कडकडून भांडण झालं. ती म्हणे 'परंपरा निवडा.' मी म्हटलं, परंपरा कोणी निवडत नाही, ती घरात असते. अमान्त, पौर्णिमान्त असले शब्द शामलाला विचारून बघितले, तिने नुसतं बघितलं. शेवटी एक वाक्य ठरलं. रुचिकाने लिहिलं, मी आत घेतलं. किल्लीने केलेलं माझं हे शेवटचं काम.

१४ मे, गुरुवार. सकाळी द्वादशी, ११ वाजून २० मिनिटांनंतर वैशाख वद्य त्रयोदशी.

नाना वेळेवर आले. समरजीतने केलं सगळं. खीर, वडे, आमसुलाची चटणी, सूर्याजीला आवडायची तशी ताकाची कढी. माझं पान वाढलेलं होतं.

कावळ्याचं पान ठेवायला रुचिका गच्चीवर निघाली तेव्हा मीही मागून चढलो. चार वर्षांनी. जिना उंच झालाय की मी ठेंगणा झालोय कोण जाणे. कठड्यावर आमच्या वेळचा खडूचा बाण अजून पुसट दिसतो, २१ मार्चला सूर्य जिथून वर यायचा तिथला. किल्ला होता तिथेच आहे. मी पानासमोर उभा राहून म्हटलं, "सूर्याजी, हे बरोबर आहे हे मला सांगणारं माणूस मिळालं. तुझंच आहे." मोठ्याने म्हटलं. रुचिकाने ऐकलं असावं.

कावळा लगेच आला. ह्याचा हिशेब उदयास्तमध्ये नाही, मी लावतही नाही.

१७ मे, रविवार. अधिक ज्येष्ठ शुद्ध प्रतिपदा.

अधिक महिना बिनचूक लागला, दोन्ही परंपरांत. सुरुवातीपासून सूर्याजीच्या पडावच्या ऑफिसच्या पत्त्यावर नोंदवलेली किल्ली सकाळी रुचिकाच्या नावावर केली. श्रेयनामावलीत माझं नाव पहिल्या ओळीवरच असायला हवं असं मंडळींचं मत होतं. मी ते चोविसाव्या ड्रायव्हरच्या जागी, यादीच्या शेवटी घातलं. तिथून मला तेवीस जण पुढे दिसतात आणि त्यांच्याही पुढे सूर्याजी. ह्याहून मोठा मान मला नको.

छाती आजही फुगलेली आहे, हे कबूल करतो. मी काय केलं ते मला पुरतं ठाऊक आहे, चुकीसकट.

मग माझ्या फोनमधलं उदयास्त काढून टाकलं आणि नव्याने घातलं, पहिल्यांदा आलेल्या माणसासारखं. गाव विचारलं, ग्वाल्हेर लिहिलं. आजवर इथून पुढे सगळं आपोआप यायचं. आज ते थांबलं आणि त्याने मला विचारलं:

*तुमच्या घरी महिना कधी संपतो?*

खाली दोन उत्तरं होती. उत्तर मला येत होतं, तरी शामलाला हाक मारली, आणि दोघांनी मिळून अमावास्येवर बोट ठेवलं.